शेंदराचा हात

चाक निघालं, ब्रेकपॅड बाहेर आलं. गॅरेजचे मालक मगनभाईंनी ते नाकाशी धरलं आणि म्हणाले, "तेल छे."

मग त्यांनी ते सागरच्या हातात दिलं. पॅडवर काळपट चिकट थर होता आणि कडेला लालसर काहीतरी जळून बसलं होतं. ब्रेक बसवताना जे ग्रीस लावतात तेही लालच असतं. त्याचा डबा समोर टेबलावर उघडा पडला होता. आणखी कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. दोघेही मेकॅनिक योगराजकडे बघू लागले. गेल्या आठवड्यात हे नवे ब्रेक त्यानेच बसवले होते.

सागरचे वडील आनंदा तेवढे बघत नव्हते. ते दाराशी स्टुलावर बसले होते आणि त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. कतारगामच्या त्या गॅरेजात आल्यापासून त्यांनी तो बाहेर काढला नव्हता. मगनभाईंनी दसऱ्याचा फाफडा आणि जिलेबी पुढे केली, तेव्हा पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

गाडी सागरची. विजेवर चालणारी, दिसायला गरीब, पण पाय दाबला की पोटात गोळा आणणारी. तेवढ्यावर त्याचं भागेना. त्याला ती रेसच्या ट्रॅकवर पळवायची होती. त्यासाठी वजन कमी करायला मागची सीट काढली, हलकी चाकं आली, मोठ्या डिस्कचे ब्रेक आले. पाच माणसांची गाडी दोन माणसांची करायला पोराने इतका आटापिटा केला, की आनंदांनी विचारणंच सोडून दिलं होतं. गाडीला कुणी हात लावायचा नाही, एवढं मात्र घरात सगळ्यांना पाठ होतं.

आज सकाळी त्यांनी तो लावला. त्यांची सारी उमर कापडाच्या लूमवर गेली होती. त्यांच्या कारखान्यात दसऱ्याला शेंदूर लावायचे तो यंत्राच्या फिरत्या भागाला. वरच्या पत्र्याला लावून काय उपयोग, असं सगळे म्हणायचे. सागर अंघोळीला गेला तसे ते खाली पार्किंगमध्ये गेले, उकिडवे बसले आणि तेलात कालवलेला शेंदूर चारही चाकांच्या आऱ्यांतून बोटं घालून ब्रेकच्या लखलखत्या डिस्कना चोपडला. हात अजिबात आखडता घेतला नाही. पोरगा वाऱ्यासारखी गाडी पळवणार, देवाने आधी तिथेच लक्ष ठेवावं, असं त्यांना वाटलं होतं.

वरून काही दिसत नव्हतं. सागर म्हणाला, बाबा, चला, आज पहिला फेरा तुमचा. ही गाडी पाय उचलला की आपोआप हळू होते, त्यामुळे गावातून जाताना ब्रेक लावायची वेळच आली नाही. हजीऱ्याच्या मोकळ्या रस्त्यावर त्याने वेग घेतला आणि जोरात ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना. रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात शिरली म्हणून निभावलं. सागरचा ओठ फाटला. तशा तोंडाने त्याने पहिलं काय विचारलं, तर बाबा, तुम्हाला लागलं नाही ना? त्याच वेळी जळक्या तेलाचा वास आला आणि आनंदांना सगळं उमगलं. त्यांनी हात खिशात घातला तो तेव्हा.

आता मगनभाई शांतपणे योगराजला सांगत होते की उद्यापासून येऊ नकोस. माणूस मेला असता तर मी कुठे तोंड दाखवलं असतं? योगराजने एकदा सांगून पाहिलं, की साबणाने हात धुतल्याशिवाय मी पॅडला बोट लावत नाही. पण गाडीच्या फुटलेल्या नाकाकडे बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला. आता मलाच शंका येते, म्हणाला.

ते ऐकून आनंदांना स्वतःची किळस आली. या पोराला इथे चिकटवला होता तो त्यांनीच. अमळनेरकडचा, आपल्या भागातला, म्हणून मगनभाईंकडे शब्द टाकला होता. गेल्याच महिन्यात त्याने गावाहून बायको आणली, मुलीला शाळेत घातलं. तोंड उघडायचं तर आत्ताच उघडायला हवं होतं. पण उघडलं की सागर काय म्हणेल ते त्यांना दिसत होतं. तो ओरडणार नाही. बाबा, तुम्ही घरीच बसत जा, एवढंच म्हणेल, आणि ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती. ते फरशीकडे बघत राहिले.

योगराजने हात पुसले, खुंटीवरचा शर्ट चढवला. पायरीशी येऊन तो थांबला. सकाळी हत्यारांच्या पूजेला आणलेली आपट्याची पानं शर्टाच्या खिशात होती. सण होता आणि समोर गावाकडचं वडीलधारं माणूस होतं. त्याने वाकून पाया पडून पान पुढे केलं.

"आप्पा, सोनं ल्या."

आनंदांचा डावा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. दसऱ्याचं सोनं डाव्या हाताने कुणी घेत नाही. योगराज पान धरून तसाच उभा होता. सागरही आता इकडे बघत होता.

आनंदांनी उजवा हात बाहेर काढला आणि पुढे केला. नखांच्या कडा, बोटांच्या पेरांतल्या रेघा, सगळं केशरी होतं. योगराजने त्यावर पान ठेवलं. सागरची नजर त्या हातावर गेली, मग टेबलावरच्या पॅडच्या लालसर कडेवर, आणि पुन्हा हातावर आली.

आनंदांनी मूठ मिटली नाही.

"सागर," योगराजकडे मान वळवून ते म्हणाले, "त्याना हात धुयेल व्हतात."