गेल्या वर्षीचा थर

यंत्राने मृदुलाच्या कमरेवरची चरबी पडद्यावर थराथराने उलगडली. कुठला थर कधी आणि कशाने साठला, हेही आता दिसत असे.

"सगळ्यात जाड थर गेल्या वर्षीचा, ताई," तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "मऊ भात, तूप, रव्याची खीर. आजारी होतात का?"

"मी नाही. आई."

आई दोन घास खाऊन ताट सरकवायची. म्हणायची, "तू संपव गं, अन्न टाकू नये." स्वतःचं जेवण झालेलं असूनही मृदुला ते संपवायची. दिवाळीनंतर आई गेली.

"हाच आधी विरघळवू. गुडघ्यांवरचा भार उतरेल."

मृदुलाने पडद्यावरच्या त्या थरावर बोट ठेवलं.

"बाकीचे काढा," ती म्हणाली. "तेवढा राहू दे."

"गुडघे दुखतील हो, ताई."

"दुखू देत."