उपडा ग्लास
थंडीच्या संध्याकाळी लातूरच्या नव्या फ्रेंच हॉटेलात बसताच भगवानरावांनी एका ग्लासावर दुसरा उपडा ठेवला. त्र्याण्णवच्या भूकंपापासून ते उशाशी तांब्यावर तांब्या रचूनच झोपत. जमीन हलली की वरचा आधी वाजतो. वेटरनं ग्लास सरळ केला. त्यांनी पुन्हा उपडा घातला. “अण्णा, लोक बघायलेत,” लेक राजकन्या पुटपुटली. उद्यापासून तिचा इथं डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेचा क्लास सुरू होणार होता. “चौथ्या मजल्यावरचं होस्टेल मला न्हाई पटत. सकाळी माघारी चल,” म्हणत ते हात धुवायला उठले. टेबलावर कांद्याचं सूप निवत होतं. वेटर येऊन पुन्हा ग्लास सरळ करून गेला. राजकन्येनं इकडंतिकडं पाहिलं अन् तो हळूच दुसऱ्यावर उपडा ठेवला. परतलेल्या अण्णांनी ते पाहिलं. सूप पुढं ओढत म्हणाले, “पिशवीत दोन तांबे आणलेत तुझ्या उशाला. होस्टेलवर जाताना घे.”