इथे कुणीच जात नाही

“चालेल की,” म्हणत त्या गोऱ्या मुलाने पाठीवरची भलीमोठी पिशवी उतरवली आणि तो सरळ बाकावर बसला. त्याच्या मागोमाग त्याची मैत्रीणही बसली. नांग सेन्सियाचा (बेटावर वडीलधाऱ्या बाईला ‘नांग’ म्हणतात) डाव पातेल्यातच थांबला.

सिकिहोर बेटावर जेवताना वाटेने कुणी दिसलं, तर त्याला ‘या, जेवायला’ म्हणायचं असतं. आणि त्याने ‘झालंय आमचं, चालू द्या’ म्हणून पुढे जायचं असतं. म्हणणारा मोकळा, ऐकणाराही मोकळा. शेंबड्या पोरालासुद्धा हे कळतं. पण पाठीवर बिऱ्हाड घेऊन जगभर हिंडणाऱ्या या लोकांना ते कुणी शिकवलेलं नव्हतं. जेवा म्हटलं की ते जेवायचे. आणि दारात माणूस उभा असताना आपण मुकाट्याने घास घ्यायचा, हे सेन्सियाला या जन्मी तरी जमणार नव्हतं.

वर्षभर हेच चाललं होतं. दुपारचं ऊन डोक्यावर आलं की दोघे-तिघे टेकाड चढून यायचे. घामाने निथळलेले, हातात फोन धरलेले. सगळ्यांचा एकच प्रश्न, धबधबा कुठाय? कारण फोनमधल्या नकाशात तो बरोबर तिच्या अंगणात होता. अंगणात तीन कोंबड्या होत्या आणि पाण्याचं एक पिंप होतं. खरा धबधबा डोंगराच्या पलीकडे, चांगला तासभर चालायच्या अंतरावर होता.

तिने फणसाच्या झाडाला ‘धबधबा नाही’ अशी पाटी टांगून पाहिली. लोकांनी पाटीशेजारी उभं राहून फोटो काढले. मग तिने वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या. त्या ओलांडून आलेले तर जास्तच खुशीत दिसायचे. शेवटी सेन्सियाने हात टेकले आणि मोठं पातेलं माळ्यावरून खाली काढलं.

“एखादा माहीतगार का नाही घेत बरोबर?” मक्याच्या कण्या वाढता वाढता तिने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं.

“छे हो, आजी,” मुलगी म्हणाली. “आम्ही कुणाच्या सांगण्यावरून फिरत नाही. आमची वाट आम्हीच शोधतो.”

“दिसतंय,” सेन्सिया म्हणाली आणि तिने शेवग्याच्या पाल्याचं कढण त्यांच्यासमोर आदळलं.

त्यांनी चमचे उचलले, पण खाईनात. हा आणखी एक ताप होता. ‘तुम्ही बसल्याशिवाय आम्ही कसं खाणार’ म्हणत ही माणसं ताटावर ताटकळत बसायची. तेव्हा सेन्सियाला रोज यांच्यापायी बसावं लागायचं आणि पोटभर जेवावंही लागायचं. त्यात जेवताना हमखास कुणीतरी फोन पुढे करून फोटो काढायचं.

नवरा, कानोर, गेल्यानंतरची ती दोन वर्षं किती सुखाची होती, असं तिला वाटायचं. पातेलंभर कण्या शिजवल्या की तीन दिवस चूल बघायला नको. सुक्या मासळीचा तुकडा तोंडात टाकला की झालं जेवण. एकट्या जिवाला लागतं किती? एकदा तापाने दोन दिवस अंथरुणात पडून राहिली आणि कुणाला पत्ताही लागला नाही, तेवढं सोडलं तर कसलाही त्रास नव्हता.

जोडपं खऱ्या धबधब्याकडे वळलं तशी तिने खरकटी भांडी तशीच टाकली, छत्री उचलली आणि ती खाली गावकचेरीत जाऊन बसली.

“तो धबधबा नकाशातून काढल्याशिवाय मी इथून उठणार नाही,” ती कारकुनाला, देल्फिनला म्हणाली. “उद्या कुणी माझ्या दारात दिसता कामा नये. मला माझं घर परत हवंय.”

देल्फिनने कानावरची सिगारेट टेबलावर ठेवली आणि फोन उघडला. “नांग, ही खूण आपल्याच कुणीतरी टाकलीय. कुणालाही टाकता येते. ऐका काय लिहिलंय. ‘लपलेला धबधबा. वाटाड्या लागत नाही. इथे कुणीच जात नाही.’”

“मग सगळे जाणारच की, मेल्यांनो. कोण तो दीडशहाणा? नाव सांग. त्याच्या घरी जाऊन जेवते आता रोज.”

देल्फिनने पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं आणि मान खाजवली. “नांग, ही तुमची मिंडा आहे.”

मिंडा तिची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षं हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात राबत होती. देल्फिनने तिथल्या तिथे तिला फोन लावून दिला. पडद्यावर लेकीचा चेहरा उमटायच्या आत सेन्सिया सुटली.

“लाज नाही वाटत? त्या उन्हातान्हात लोकांना फसवतेस? आणि माझ्या डोक्याला हा रोजचा ताप कशाला? आत्ताच्या आत्ता पूस ती खूण.”

 मिंडाच्या मागे नळ वाहत होता, तो तिने बंद केला.

“देल्फिनदादा, त्या खुणेखाली लोकांनी टाकलेले फोटो दाखव तिला,” ती म्हणाली.

देल्फिनने आपला दुसरा फोन पुढे केला आणि तो बोटाने एकेक फोटो सरकवायला लागला. शंभरावर असतील. अनोळखी माणसं दर फोटोत बदलत होती. पण प्रत्येक फोटोत मधोमध सेन्सिया होती, समोर भरलेलं ताट, एक गाल घासाने फुगलेला आणि कपाळाला आठ्या. सुरुवातीच्या फोटोंत तिच्या गळ्याची हाडं मोजता येत होती. पुढे पुढे ती हाडं दिसेनाशी झाली होती.

“तू तापात दोन दिवस पडून होतीस, ते मला महिन्याने कळलं,” मिंडा म्हणाली. “फोनवर विचारलं तर जेवले म्हणायचीस, आणि मी मानायचे. आता कामं आटपली की मी आधी हे बघते.”

 फोटोंवरची नजर न काढता सेन्सिया कशीबशी म्हणाली, “पण ती बिचारी वाट चुकतात गं.”

“चुकत नाहीत, आई. मी पाठवते त्यांना, तुझ्याबरोबर जेवायला.”