बाहुल्यांचा कोपरा

पदरचं काही घालत नाही, हवं तर शेजारणीला विचारा. नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा सुनेने घरीच कापडी बाहुल्या करायचं ठरवलं. टेबलासाठी जुनं दार मिळालं, चिंध्या शिंप्याने फुकट दिल्या; घोडं अडलं ते जागेपाशी. खोली एकच, आणि खिडकीच्या उजेडात सासऱ्यांची खाट.

ते झोपलेत असं समजून तिने एकदा हळूच खाटेला टेप लावली.

"बसतंय का गं तुझं टेबल?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

ती ओशाळली. "काहीतरीच काय, बाबा! तुम्ही आधी खडखडीत बरे व्हा."

तेव्हापासून म्हातारा अगदी शहाण्यासारखा वागू लागला. हृदयाच्या गोळ्यांची बाटली संपली, की स्वतःच हाक मारायचा, "सूनबाई, ही घे रिकामी. बाहुल्यांच्या डोळ्यांचे मणी ठेव हिच्यात." चौथी बाटली दिली आणि त्याच आठवड्यात म्हातारा गेला.

खाटेच्या जागी टेबल लागलं. पहिल्या बाहुलीत भरायला कापूस हवा, म्हणून तिने त्यांची उशी उसवली.


कापूस थोडाच निघाला. चारही बाटल्यांतल्या गोळ्या मात्र टेबलभर घरंगळल्या.