उसना दम

दोन जिने चढून आलेले डॉक्टर निमकर दारालाच टेकले. मंदा गुरव वॉर्डातल्या खाटेवरून उठल्या.

"बसा हो आधी! तुम्हाला काय झालं?"

"मला काही नाही. हा तुमचा श्वास आहे." डॉक्टरांनी छातीवर करकचून आवळलेला पट्टा दाखवला. "कर्करोगासाठी फुफ्फुसाचा वरचा भाग पूर्ण काढला, तर तुम्हाला एवढाच उरेल. तो स्वतः वापरून पाहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी सुरी हातात घेत नाही."

"जिने काय चढता! मी मुलींना कबड्डी शिकवते. चढाई करून दाखवावी लागते. करा बघू."

पन्नाशीचे डॉक्टर खरंच कबड्डी-कबड्डी असा दम घुमवत व्हरांड्याच्या टोकाकडे निघाले. परतताना निम्म्यातच दम तुटला. नर्सला हसू फुटलं. मंदाताई हसल्या नाहीत.

डॉक्टरांनी पट्टा सैल केला. आता गाठीपुरता लहान तुकडा काढल्यावर उरणारा श्वास होता. या दुसऱ्या चढाईत ते धापा टाकत का होईना, दारापर्यंत परत पोचले.

"गाठ बारीक आहे, कडेला आहे. तुकडा पुरेल असं वाटतं. पण आत गेल्यावर जवळच्या ग्रंथींत रोग दिसला, तर सगळा भाग काढावा लागेल."

मंदाताईंनी त्यांचा घामेजलेला चेहरा पाहिला. मग पाण्याचा पेला पुढे केला.

"तसं दिसलं तर माझ्यासाठी हात आखडू नका, डॉक्टर. तेवढ्या दमात तुमच्यासारखा नवखा निम्म्यापर्यंत आला. मी रेषा गाठीन."