चिटणीसांचा उपास

घशातून कॅमेरा घालणार म्हटल्यावर चिटणीसांच्या काळजाचं पाणी झालं होतं. दोनदा त्यांनी तारीख चुकवली. आज मात्र बायकोनं पाण्याचा थेंबही न देता त्यांना दवाखान्यात आणून बसवलं.

"काही खाल्लं नाही ना, काका?" सिस्टरनं विचारलं.

"खाल्लं की!" चिटणीसांचा चेहरा फुलला. "निघताना सासूबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. चांगल्या कामाला निघालो ना!"

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, आईनं दिली म्हणून लगेच चाटलीत?"

"मोठ्यांचा मान राखायला नको?" असं म्हणत ते चपला शोधू लागले.

"घरी नका जाऊ, काका. सहा तास इथंच बसा, मग करू."

चिडलेल्या बायकोनं मुद्दाम शेजारी बसून मिसळ खाल्ली, वर दोन बटाटेवडे चेपले. चिटणीस नुसते आवंढे गिळत राहिले. दुपारी तपासणीच्या खोलीचं दार उघडलं आणि सिस्टरनं दुसऱ्याच पेशंटला हाक मारली.

त्याला बाजूला सारून चिटणीस आत घुसले आणि पलंगावर आडवे होत ओरडले, "डॉक्टर, घाला तो कॅमेरा पटकन! मला जेवायला जायचंय!"