अकरावं वाक्य

“सापडला एकदाचा, मावशी! नावात मेंढपाळ दिसले म्हणून कुण्या शहाण्याने हा लेख जनावरांच्या रोगांत घातला होता,” ग्रंथपाल धूळ झटकत म्हणाला. दवलतमोने चष्मा पुसला. ताजिकिस्तानच्या राजधानीतलं, दुशान्बेतलं हे तिने पालथं घातलेलं चौथं ग्रंथालय. तिच्या लहानपणी एक संशोधक डोंगरात येऊन आईकडून गावच्या बोलीतली वाक्यं उतरवून घेऊन गेला होता. पुढे सरकारने अख्खं गाव खाली कापसाच्या शेतांवर कामाला हलवलं, माणसं पांगली. आता ती बोली येणारी एकटी दवलतमोच उरली. त्या संशोधकाच्या या लेखातलं अकरावं वाक्य आईच्या नावावर होतं. तिने मोठ्याने वाचलं. “म्हणजे काय हो?” “‘दाराशी कोण आहे?’” तिने त्याच्या भाषेत सांगितलं. तो हसला. “एवढंच? मला वाटलं, खजिन्याची खूण असेल! बसा, चहा आणतो.” तो गेल्यावर तिने ओळीवर बोट ठेवून त्याच बोलीत उत्तर दिलं, “मीच गं आई, दार उघड.”